अंगदुखी, मेंदू आणि ग्रंथींचे रस
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला सांगितले, "ह्या वर्षी तुम्ही बोला. विषय कोणताही घ्या." मी विषय घेतला दुखण्याचा. वर्धापनदिनाच्या आनंदात दुखण्याचे रडगाणे कशाला, असे एक-दोघींच्या मनात आलेच असेल. पण आपण बायका चार जणी जमलो की पहिली पाच मिनिटे मुलाबाळांची चौकशी होते आणि मग बोलणे कंबरेवर नाहीतर गुडघ्यावर येते. मग जे रोज कुजबुजत बोलतो ते एकदा उभे राहून नीट का बोलू नये?

मी सातवीपर्यंत शिकलेली. डॉक्टर नव्हे, नर्स नव्हे. गेली दोन वर्षे माझ्या थोरल्या जाऊबाईंबरोबर मी दवाखान्यांच्या पायऱ्या चढते आहे. तिथे बाकावर बसून जे ऐकले, नर्सिंग शिकणाऱ्या माझ्या भाचीने जे समजावून दिले आणि वाचनालयातून पुस्तके आणून जे वाचले, ते एका वहीत उतरवून ठेवले. ती वही एका डॉक्टरीणबाईंना दाखवून घेतली. त्यातलेच आज सांगते.

आधी दुखणे म्हणजे काय ते पाहू. विळ्याने बोट कापले तर दुखते कुठे? आपण म्हणतो, बोटात. पण खरी गोष्ट अशी की बोटातून मज्जातंतूंच्या वाटेने वर्दी निघते, ती पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत जाते आणि तिथून मेंदूत पोचते. मेंदूने ती वर्दी वाचली की मगच "दुखले" असे आपल्याला कळते. वाटेत मज्जारज्जूपाशी जणू एक फाटक असते, ते कधी जास्त उघडते, कधी कमी, असे १९६५ साली मेलझॅक आणि वॉल ह्या दोन शास्त्रज्ञांनी मांडले. मूल पडले की आपण त्याचा गुडघा चोळतो, फुंकर घालतो आणि त्याचे रडणे थांबते. ही नुसती समजूत नव्हे. चोळण्याची वर्दी त्या फाटकातून जाते आणि दुखण्याच्या वर्दीला वाट थोडी अपुरी पडते.

जखम भरली की दुखणे थांबावे, हा निसर्गाचा नियम. पण काही वेळा ते थांबत नाही. तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेल्या दुखण्याला डॉक्टर जुनाट वेदना म्हणतात. घरचा कुत्रा चोराला पाहून भुंकला तर ते त्याचे काम झाले. पण चोर गेल्यावरही तो रात्रभर भुंकू लागला, पान हलले तरी भुंकू लागला, तर त्या कुत्र्याची सवयच बिघडली म्हणायची. जुनाट दुखण्यात मज्जातंतू आणि मेंदू ह्यांचे असेच होते. लहानशी वर्दी मोठी होऊन पोचते. म्हणून फोटो काढला तर त्यात काही दिसत नाही आणि बाई तर कण्हत असते. मग घरात म्हणतात, "हिला काही झालेले नाही, कामाचा कंटाळा आहे." भगिनींनो, जागतिक आरोग्य संघटनेची रोगांची जी नवी यादी २०२२ पासून लागू झाली, तिच्यात जुनाट वेदनेला स्वतःची वेगळी जागा दिली आहे. तेव्हा फोटोत दिसत नाही म्हणून दुखणे खोटे, असे म्हणण्याचा अधिकार आता कोणत्याही नवऱ्याला नाही आणि सासूलाही नाही.

आता ग्रंथींच्या रसांकडे वळू. आपल्या शरीरात जागोजागी लहानमोठ्या ग्रंथी आहेत. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक, गळ्यात एक, दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन आणि बायकांच्या ओटीपोटात बीजकोश दोन. ह्या ग्रंथी आपले रस सरळ रक्तात सोडतात. ह्या रसांना १९०५ साली लंडनच्या स्टार्लिंग नावाच्या शास्त्रज्ञाने 'हॉर्मोन' असे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ चालना देणारे. आपल्याकडे त्यांना संप्रेरके म्हणतात. मज्जातंतूंचे काम टेलिफोनासारखे, ज्याला लावला त्यालाच ऐकू जातो. हॉर्मोनचे काम दवंडीसारखे. ती गावभर फिरते. ज्याचा संबंध असेल तो ऐकतो. ही दवंडी मेंदूलाही ऐकू जाते, आणि दुखण्याचा आवाज मोठा करावा की लहान हे मेंदू काही अंशी तिच्यावरून ठरवतो.

ही गोष्ट जगाला कशी कळली त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे, कारण तिच्यात बायकांचाही वाटा आहे. अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच नावाचे डॉक्टर होते. सांधे सुजून आखडणाऱ्या आमवाताचे रोगी ते पाहत. त्यांच्या ध्यानात आले की आमवाताच्या कित्येक बायकांना गरोदरपणात आपोआप आराम पडतो, आणि बाळंतपणानंतर दुखणे पुन्हा उलटते. शरीरातच असा काही रस तयार होत असला पाहिजे की जो हे दुखणे दाबून ठेवतो, असा त्यांनी तर्क केला. शेवटी सप्टेंबर १९४८ मध्ये मूत्रपिंडावरील ग्रंथीचा रस, ज्याला पुढे कॉर्टिझोन म्हणू लागले, तो त्यांनी एका तरुण बाईला टोचला. जिला अंथरुणातून हलता येत नव्हते ती थोड्याच दिवसांत चालू लागली. १९५० साली हेंच, केंडॉल आणि राइखस्टाइन ह्या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण लवकरच असेही दिसून आले की हा रस बाहेरून फार दिवस घेतला तर तोंड सुजते, हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते. ह्या दुसऱ्या भागाकडे मी पुढे परत येणार आहे.

मेंदू आपली स्वतःची वेदनाशामके करतो, हे १९७५ च्या सुमारास कळले. अफूसारखे काम करणारी, पण आपल्याच शरीरात तयार होणारी ही द्रव्ये आहेत. त्यातल्या काहींना एंडॉर्फिन म्हणतात. चालताना, हसताना, घाम येईपर्यंत हालचाल करताना ती सुटतात. मंगळागौरीची फुगडी घातल्यावर अंग हलके का वाटते त्याचे एक कारण हेही आहे.

ह्या वेदनाशामकांचा बायकांच्या रसाशी काय संबंध? बीजकोशातून जो मुख्य रस निघतो त्याला इस्ट्रोजेन म्हणतात. २००६ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात काही निरोगी बायकांना थोडे दुखेल असे करून त्यांच्या मेंदूची चित्रे घेतली. एकदा इस्ट्रोजेन कमी असते त्या दिवसांत, आणि एकदा औषधाच्या पट्टीने ते वाढवून. बाई तीच, दुखणे तेच. इस्ट्रोजेन कमी असताना मेंदूची स्वतःची वेदनाशामके नीट सुटली नाहीत आणि दुखणे जास्त जाणवले. ते वाढल्यावर सोसण्याची शक्तीही वाढली. म्हणजे महिन्यातले चार दिवस "आज अंगाला हात लावू देववत नाही" असे जे आपण म्हणतो ते नखरे नव्हेत.

पण इस्ट्रोजेन जास्त म्हणजे दुखणे कमी, असा सोपा हिशेब मात्र कोणी करू नये. काही दुखणी ह्याच रसावर पोसतात. गर्भाशयाच्या आतल्यासारखे अस्तर बाहेर ओटीपोटात वाढते त्या रोगाला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. तो त्यातलाच एक. पुष्कळदा त्रास देते ती रसाची भरती-ओहोटी. अर्धशिशी पुरुषांपेक्षा बायकांना दोन-तीन पट जास्त असते आणि ती कित्येकींना नेमकी पाळीच्या आदल्या-नंतरच्या दिवसांत उठते, कारण तेव्हा हा रस एकदम उतरतो. गरोदरपणी तो चढता राहतो, तेव्हा पुष्कळींची अर्धशिशी थांबते. आणि पाळी जाण्याच्या चाळिशी-पन्नाशीच्या काळात रसाचा काही ताळमेळच राहत नाही. आज वर तर उद्या खाली. त्या वर्षांत बोटांचे सांधे, खांदे, टाचा दुखतात, रात्री घाम फुटून झोप मोडते आणि झोप मोडली की दुसऱ्या दिवशी तेच दुखणे दुप्पट. माझे वय आज त्याच उंबरठ्यावर आहे, म्हणून हे मी पुस्तकातून तितकेच अंगातूनही सांगते आहे.

चिंतेचेही तसेच. मनाला धसका बसला की मेंदू खालच्या ग्रंथीला सांगतो, ती मूत्रपिंडावरच्या ग्रंथीला सांगते आणि कॉर्टिसोल नावाचा रस सुटतो. संकट घटकाभराचे असेल तर हा रस उपकारी आहे. लढायला बळ देतो, दुखणेही काही वेळ विसरायला लावतो. पण नवऱ्याची दारू, मुलाचे कर्ज, लग्न न झालेली मुलगी अशी बारमाही चिंता असली की ह्या रसाचे वेळापत्रकच बिघडते. तो खरे म्हणजे पहाटे चढावा आणि रात्री उतरावा. तसे होईनासे झाले की झोप जाते, दुखणे बळावते, दुखण्याची पुन्हा चिंता लागते आणि रहाट फिरत राहतो. म्हणून डॉक्टर घरची परिस्थिती विचारतात तेव्हा "हे कशाला विचारतात?" असे म्हणू नका. खरे सांगा.

आता महाराष्ट्रातल्या दोन-तीन गोष्टी सांगते. गडचिरोलीच्या डॉ. राणी बंग ह्यांनी तिथल्या दोन खेड्यांतील ६५० बायका तपासल्या. तो अभ्यास १९८९ साली लॅन्सेट ह्या प्रसिद्ध वैद्यकीय पत्रिकेत छापून आला. शेकडा ९२ बायकांना बायकांचा कोणता ना कोणता आजार निघाला, आणि त्याआधी अशी तपासणी झाली होती फक्त शेकडा ८ जणींची. पुणे जिल्ह्यातील भिगवण गावी डॉ. अरविंद चोप्रा ह्यांनी १९९६ साली घरोघर पाहणी सुरू केली. चार हजारांवर प्रौढ माणसांत शेकडा १८ जणांना सांध्यांचे वा स्नायूंचे दुखणे होते, आणि त्यात बायका जास्त. म्हणजे दुखणारी बाई ही एकटी नाही, गावोगाव आहे. फक्त ती बोलत नाही.

आणि न बोलता, न विचारता उपाय केला की काय होते ते बीड जिल्ह्याने दाखवले. तिथल्या बायका ऊसतोडीला जातात. पहाटेपासून कोयता, डोक्यावर मोळ्या, पाण्याची नि आडोशाची सोय नाही. कंबर दुखते, ओटीपोट दुखते, अंगावर जाते. आणि पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर मजुरी बुडते. अशा बायकांना "पिशवी काढून टाका, कटकट जाईल" असे सांगणारे भेटले. २०१९ साली ही गोष्ट वर्तमानपत्रांतून गाजली, तेव्हा सरकारने नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली; त्यात १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. त्यात तिशी-पस्तिशीतल्या बायकाही होत्या. त्यानंतर बीडमध्ये खाजगी दवाखान्यात असे ऑपरेशन करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याची अट घातली गेली.

पिशवी काढल्याने कंबर थांबली का? पुष्कळ जणींची नाही. कंबर ओझ्याने आणि वाकण्याने दुखत होती; पिशवीचा त्यात दोष नव्हता. उलट पिशवीबरोबर दोन्ही बीजकोशही काढले तर इस्ट्रोजेनचा झरा एका दिवसात आटतो. जी गोष्ट निसर्ग चार-पाच वर्षांत हळूहळू करतो ती एका दुपारी होते. मग तिशीतल्या बाईला पन्नाशीतले सगळे त्रास लागतात. अंगाचा दाह, झोपमोड, सांधेदुखी, पुढे हाडांचा ठिसूळपणा. बीजकोश ठेवले तरी काही जणींचे ते लवकर थकतात.

बीड आपल्यापासून लांब आहे असे कोणी समजू नये. माझ्या जाऊबाईंचेच पाहा. छत्तीस वर्षांच्या असताना कंबर दुखते म्हणून एका खाजगी दवाखान्यात गेल्या. गावाचे नाव मी घेत नाही. पिशवी काढा म्हणाले. काढली. त्याबरोबर बीजकोशही काढले आहेत हे आम्हाला दोन वर्षांमागे जुने कागद दुसऱ्या डॉक्टरांना दाखवले तेव्हा कळले. मधली नऊ वर्षे त्या बाईने अंगदुखीत काढली आणि घरातले, बाहेरचे सगळे म्हणत राहिले, "हिचे रोजचेच आहे." आता औषध, कॅल्शियम आणि रोजचे चालणे ह्यांनी त्या पुष्कळ सुधारल्या आहेत. ह्या वर्षी लावणीला बांधावर उभ्या राहून त्यांनी आम्हाला कामाला लावले. पण गेलेली नऊ वर्षे कोण परत देणार? हे सांगण्याची परवानगी त्यांनीच दिली आहे. त्या समोर बसल्या आहेत.

ऑपरेशन कधीच करू नये असे मी म्हणत नाही. कर्करोग असला, गाठी फार मोठ्या असल्या, रक्तस्राव औषधाने थांबतच नसला, तर ते जीव वाचवते. पण नुसती कंबर दुखते किंवा अंगावर पांढरे जाते, एवढ्यासाठी पिशवी काढण्याची घाई कसली? आपल्यातल्याच एका भगिनीला गेल्या महिन्यात असा सल्ला मिळाला आहे. ती इथे आहे. नाव घेणार नाही. तिला माझे एवढेच सांगणे की बाई, तारीख पक्की करण्याआधी आम्हाला हाक मार. आपण दोघी-तिघी तुझ्याबरोबर रत्नागिरीला सरकारी रुग्णालयात जाऊ, दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेऊ, आणि तीन प्रश्न विचारू. काढायचे कारण काय? औषधाने भागणार नाही का? बीजकोश ठेवणार की काढणार?

दुसरी गोष्ट पुडीची. सांधेदुखीवर कोणी बिननावाची पुडी देतो, कोणी टोचतो, आणि तिसऱ्या दिवशी बाई पळू लागते. मघाशी हेंचसाहेबांची हकीकत सांगितली ती ह्यासाठीच. अशा कित्येक पुड्यांत तोच मूत्रपिंडावरच्या ग्रंथीचा रस, म्हणजे स्टिरॉइड, मिसळलेला असतो. बाहेरून रोज रस मिळू लागला की आपली ग्रंथी झोपी जाते. मग पुडी एकदम बंद केली तर शरीराला रस कुठूनच मिळत नाही आणि जिवावर बेतू शकते. तेव्हा ज्या बाया अशी पुडी महिनोन्महिने घेत आहेत त्यांनी आज घरी जाऊन ती फेकून देऊ नये. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि ती त्यांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू कमी करावी. दुकानातून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्याही रोज रोज खाऊ नयेत. पोटात व्रण पडतात, मूत्रपिंडे बिघडतात.

मग करायचे काय? पहिले, वही ठेवा. पाळीची तारीख, कोणत्या दिवशी काय दुखले, झोप किती लागली. एका ओळीत, तीन महिने. ती वही पाहून डॉक्टरांना रसाचा संबंध चटकन दिसतो. दुसरे, रक्त तपासून घ्या. गळ्यातील थायरॉइड ग्रंथी मंदावली तरी अंग दुखते, जड होते, केस गळतात, थंडी वाजते; ते एका साध्या तपासणीने कळते आणि औषध सोपे आहे. ड जीवनसत्त्व कमी असले तरी हाडे ठणकतात. ते उन्हाने अंगात तयार होते आणि हॉर्मोनसारखेच काम करते. तिसरे, दुखते म्हणून निजून राहू नका. सकाळी अर्धा तास चाला. चौथे, ओझे वाटून घ्या; एका बाईने दोन हंडे आणण्यापेक्षा घरातल्या मुलाने एक आणला तर त्याची मर्दुमकी कमी होत नाही. पाचवे, इस्ट्रोजेनच्या गोळ्या मैत्रिणीने सांगितल्या म्हणून घेऊ नका. त्या काहींना फार उपयोगी पडतात, पण स्तनाचा कर्करोग झालेल्या किंवा रक्ताच्या गुठळ्या होणाऱ्या बाईला घातक ठरतात. तपासणीशिवाय त्या घेऊ नयेत.

आणि काही गोष्टींना थांबायचे नाही. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसले, कंबरदुखीबरोबर पायातली शक्ती गेली किंवा लघवीवरचा ताबा गेला, दुखण्याबरोबर ताप आणि वजन उतरणे चालू झाले, तर लगेच दवाखाना गाठायचा.

शेवटी आपल्या घरातल्या मुलींविषयी. पाळीत पोट दुखून मुलगी शाळा बुडवते तेव्हा "आम्ही नाही का सोसले?" असे आपण म्हणतो. सोसले खरे. पण आपल्याला कोणी विचारले नाही म्हणून सोसले, ह्यात मोठेपणा तो काय? दर महिन्याला अंथरुण धरावे लागत असेल तर तिला डॉक्टरांना दाखवा. दुखणे बरेच दिवस चालू ठेवले की मेंदूला त्याची सवय लागते, हे आत्ताच आपण पाहिले.

आपल्या मंडळाने आजवर भिशी चालवली, हळदीकुंकू केले, पापड केले, सहली काढल्या. माझी सूचना अशी की ह्या वर्षापासून एक काम आणखी घ्यावे. कोणाही भगिनीला ऑपरेशनचा सल्ला मिळाला तर मंडळातल्या दोघी तिच्याबरोबर जातील, कागद वाचून घेतील आणि तिला एकटी सही करू देणार नाहीत. ह्याला पैसा लागत नाही. एसटीचे तिकीट आणि एक दिवस लागतो. पहिले नाव मी माझे देते. दुसरे माझ्या जाऊबाईंनी काल रात्रीच दिले आहे. बाकीची नावे चिटणीसबाई चहाच्या वेळी लिहून घेतील.